जुना छोटा डिजिटल कॅमेरा रोज वापरायचा, तर आधी हे समजून घ्या

२०१० साली जपानी कंपन्यांनी मिळून जगभर १२ कोटींहून जास्त डिजिटल कॅमेरे पाठवले. त्यांतले बहुतेक खिशात मावणारे कॉम्पॅक्ट होते. २०२३ मध्ये कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांचा हाच आकडा २० लाखांच्याही खाली आला. मधल्या काळात फोनने त्यांची जागा घेतली आणि कॅमेरे खणांत जाऊन पडले. आता लोक ते पुन्हा बाहेर काढतायत, आणि पहिल्याच दिवशी गोंधळतायत. एखादा फोटो इतका सुंदर येतो की फोनवर तसा आलाच नसता. पुढचे चार मात्र हललेले, अंधारे किंवा पांढरेफटक. असं का होतं, हे कळलं की यातले बरेच फोटो वाचवता येतात. त्यासाठी कॅमेऱ्याच्या आत काय चालतं ते थोडं पाहायला हवं.

फोनचं बटण तुम्ही एकदाच दाबता, पण फोन त्याच्या आधीपासून फ्रेम टिपत असतो. त्या क्षणाच्या आसपासच्या अनेक फ्रेम तो एकमेकींवर बसवतो, सावल्या उजळतो, आभाळ आवरतो, चेहरा ओळखून तो वेगळा सुधारतो. हे काम करणारं एचडीआर प्लस गूगलने २०१३ मध्ये आणलं आणि पुढच्या काही वर्षांत ही पद्धत बहुतेक सगळ्या फोनमध्ये आली. जुना कॉम्पॅक्ट यातलं जवळजवळ काहीच करत नाही. सेकंदाच्या सव्वाशेव्या भागात जो काही उजेड आत आला, त्याचं एकच चित्र बनवून तो कार्डावर लिहितो. खिडकीसमोर उभ्या असलेल्या माणसाचा फोटो काढून पाहा. फोनमध्ये चेहराही दिसेल आणि खिडकीबाहेरचं झाडही. जुन्या कॅमेऱ्यात दोहोंपैकी एकच. चेहरा हवा असेल तर खिडकी पांढरी होणार, झाड हवं असेल तर चेहरा काळा पडणार.

लोकांना जो ‘जुन्या कॅमेऱ्याचा लूक’ आवडतो, तो माझ्या मते बराचसा इथूनच येतो. सावली सावलीसारखीच काळी राहते, उजेडाला दिशा असते आणि सगळं एकसारखं उजळून निघत नाही. पण याचा अर्थ असाही की काय ठेवायचं आणि काय सोडायचं, हे फोटो काढण्याआधी तुम्हालाच ठरवावं लागतं. पुढच्या सगळ्या सूचना याच एका गोष्टीभोवती फिरतात.

सीसीडीची जादू खरी किती?

जुन्या कॅमेऱ्याचं नाव निघालं की ‘सीसीडी सेन्सर आहे का?’ हा प्रश्न हमखास येतो. सेन्सर म्हणजे लेन्समागची उजेड टिपणारी चिप, आणि सीसीडी हा तिचा जुना प्रकार. सीसीडीची कल्पना १९६९ साली बेल लॅब्जमध्ये विलर्ड बॉइल आणि जॉर्ज स्मिथ यांनी मांडली. त्याबद्दल त्यांना २००९ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. सेन्सरवरच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये उजेडामुळे विद्युतभार साठतो. सीसीडीत हा भार माणसांच्या रांगेतून बादल्या हातोहात पुढे द्याव्यात तसा एका पिक्सेलमधून दुसऱ्यात सरकत कडेपर्यंत जातो आणि तिथे मोजला जातो. नंतर आलेल्या सीमॉस सेन्सरमध्ये प्रत्येक पिक्सेलजवळच सिग्नल वाढवण्याची सोय असते. त्यामुळे तो वेगवान असतो आणि वीजही कमी खातो.

मात्र या दोन्ही सेन्सरना रंग कळत नाही. त्यांना फक्त उजेड किती आहे ते कळतं. रंगासाठी पिक्सेलांवर लाल, हिरव्या आणि निळ्या गाळण्यांची जाळी बसवलेली असते. कोडॅकमधल्या ब्राइस बायर यांच्या या रचनेला १९७६ मध्ये पेटंट मिळालं. तिच्यात निम्म्या गाळण्या हिरव्या, पाव लाल आणि पाव निळ्या असतात. या अर्धवट माहितीवरून पूर्ण रंग बनवायचं काम कॅमेऱ्यातला प्रोसेसर करतो. त्वचा किती गुलाबी दाखवायची, आभाळ किती गडद करायचं, हे त्या कंपनीच्या इंजिनिअरांनी बसवलेलं असतं. म्हणून एकाच कारखान्यातले सीसीडी वापरूनही दोन कंपन्यांच्या कॅमेऱ्यांचे रंग वेगळे यायचे. तेव्हा केवळ सीसीडी आहे म्हणून कॅमेरा घेऊ नका, आणि सीमॉस आहे म्हणून हातचा चांगला कॅमेरा टाकूनही देऊ नका. त्या मॉडेलने काढलेले फोटो पाहा आणि ते आवडतात का ते ठरवा.

सीसीडीची एक खूण मात्र नक्की दिसते. स्क्रीनवर पाहताना एखादा प्रखर दिवा किंवा सूर्य चौकटीत आला, की त्यातून वरपासून खालपर्यंत एक उभी पांढरी किंवा जांभळट रेघ निघते. हा बिघाड समजू नका. भार सरकत असतानाही त्या जागी उजेड पडत राहतो, म्हणून ती रेघ उमटते. व्हिडिओत ती येते. फोटोत बहुधा येत नाही, कारण तोवर शटर बंद झालेलं असतं.

सेन्सर लहान, म्हणून उजेड हवा

जुन्या कॉम्पॅक्टच्या माहितीत ‘१/२.५ इंच’ असं लिहिलेलं दिसतं. हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांतल्या काचेच्या नळीवरून चालत आलंय. प्रत्यक्षात तो सेन्सर जेमतेम ५.८ बाय ४.३ मिलिमीटर भरतो. जरा वरच्या दर्जाच्या कॉम्पॅक्टमध्ये १/१.७ इंची म्हणजे साधारण ७.६ बाय ५.७ मिलिमीटरचा सेन्सर असायचा. पूर्ण फिल्मच्या मापाचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो, म्हणजे त्या छोट्या सेन्सरच्या सुमारे ३५ पट. आजच्या अनेक फोनमधला मुख्य सेन्सरही या जुन्या कॉम्पॅक्टपेक्षा मोठा असतो. त्यामुळे कमी उजेडात फोनशी बरोबरी करायला जाऊ नका. आयएसओ म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील आहे त्याचा आकडा. आयएसओ ८० किंवा १०० ला हे कॅमेरे खरोखर छान फोटो देतात. ४०० च्या पुढे गेलं की दाणे दिसू लागतात आणि ते लपवण्याच्या नादात कॅमेरा केस, कापड, पानं यांचा बारकावा पुसून टाकतो. ‘ऑटो’वर सोडलं तर तो स्वतःच आयएसओ वाढवतो. म्हणून आयएसओ हातानेच १०० वर ठेवावा आणि गरज पडली तरच वाढवावा.

लहान सेन्सरचा एक मोठा फायदाही आहे. फोकसची खोली खूप असते. लेन्सचं तोंड किती उघडं आहे ते एफ आकड्यावरून कळतं; आकडा मोठा तेवढं तोंड लहान आणि ही खोली जास्त. एफ २.८ वर काढलेल्या फोटोत जेवढं मागचंपुढचं स्पष्ट येतं, तेवढं मोठ्या सेन्सरवर यायला एफ १६ च्या आसपास जावं लागेल. मागचं सगळं विरघळून टाकणारे पोर्ट्रेट इथे मिळणार नाहीत. पण खोलीत बसलेली चार माणसं, टेबलावरची वही आणि मागचं दार, हे सगळं एकाच फोटोत नीट येतं. रोजच्या फोटोंसाठी मला हा गुण फार मोलाचा वाटतो.

मेगापिक्सेलची चिंता नको. ५ मेगापिक्सेलचा फोटो २५९२ बाय १९४४ पिक्सेलचा असतो. फुल एचडी स्क्रीनला २ मेगापिक्सेल पुरतात, आणि ५ मध्ये साडेआठ बाय साडेसहा इंचांचा उत्तम प्रिंट निघतो.

अर्धं बटण

या कॅमेऱ्यांबद्दलची सर्वांत मोठी तक्रार म्हणजे बटण दाबल्यावर फोटो उशिरा निघतो. तोवर मूल वळलेलं असतं, हसू मावळलेलं असतं. हा वेळ बहुतेक फोकसमध्ये जातो. कॅमेरा लेन्स थोडी पुढे नेतो, चित्रातला काळ्यापांढऱ्यातला फरक मोजतो, आणखी पुढे नेतो, पुन्हा मोजतो. फरक कमी होऊ लागला की जिथे तो सर्वांत जास्त होता तिथे परत येऊन थांबतो. भरपूर उजेड असेल तर हे चटकन होतं. अंधुक खोलीत सेकंदभरही लागतो. समोर कोरी भिंत असेल तर मोजायला फरकच नसतो, म्हणून लेन्स उगाच मागेपुढे करत राहते.

यावरचा उपाय कॅमेऱ्यातच दिलेला आहे. बटण दोन टप्प्यांत दाबलं जातं. अर्ध्यावर बोटाला किंचित अडथळा लागतो. तिथे थांबा. बारीक ‘बीप’ होईल, चौकट हिरवी होईल. म्हणजे फोकस आणि उजेडाचं माप दोन्ही पक्कं झालं. बोट तसंच ठेवून वाट पाहा आणि हवा तो क्षण आला की उरलेलं अर्धं बटण दाबा. आता फोटो जवळजवळ लगेच निघतो.

उदाहरणार्थ, झोपाळ्यावरच्या मुलाचा फोटो घ्यायचाय. समोर उभं राहिलात तर ते तुमच्या जवळ येतं आणि लांब जातं, फोकस बिचारा धावत राहतो. त्याऐवजी बाजूला उभे राहा. आता मूल डावीउजवीकडे जातंय, पण तुमच्यापासूनचं अंतर फारसं बदलत नाही. झोपाळ्याच्या खांबावर अर्धं बटण दाबा, बोट न उचलता चौकट नीट लावा आणि झोका सर्वांत वर पोचला की क्लिक करा. तिथे तो निमिषभर थांबतो, त्यामुळे शटर फार वेगवान नसलं तरी फोटो हलत नाही. मूल दारातून धावत येणार असेल तर उंबऱ्यावर फोकस धरून ठेवा. हे दोन दिवस जाणीवपूर्वक करा. पुढे बोट आपोआप अर्ध्यावर थांबायला लागतं आणि कॅमेरा मंद आहे हे विसरायला होतं.

एक लक्षात ठेवा: अर्ध्या बटणावर उजेडाचं मापही अडकतं. आभाळाकडे धरून दाबलंत तर सगळं दृश्य गडद येईल, अंधाऱ्या कोपऱ्याकडे धरलंत तर पांढरं. हे मुद्दाम वापरताही येतं.

उजेड थोडा कमीच

जेपेग फोटोत, म्हणजे कॅमेरा नेहमी देतो त्या फाइलमध्ये, प्रत्येक रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. उजळ भाग सगळ्यांत वरच्या पायरीला टेकला की तिथलं सगळं कोरं पांढरं होतं आणि नंतर कितीही खटपट केली तरी परत येत नाही. काळोखातलं मात्र थोडंफार वर काढता येतं. त्यामुळे ‘ऑटो’ सोडून ‘पी’ मोडवर या, अधिक-उणे चिन्हाचं बटण शोधा आणि उन्हात उणे १/३ किंवा उणे २/३ ठेवून पाहा. पांढरे कपडे, ढग, भिंतीवरचं ऊन यांच्यात लगेच जीव येतो. चेहरा सावलीत असेल तर मात्र उलट करा, मागचं पांढरं झालं तरी चालेल.

व्हाइट बॅलन्सचंही, म्हणजे रंगांच्या तोलाचंही, असंच. ऑटोवर कॅमेरा संध्याकाळचा पिवळेपणा दोष समजून काढून टाकतो. सूर्याचं चिन्ह निवडा, तो पिवळेपणा टिकतो.

फ्लॅशला घाबरू नका

या कॅमेऱ्यात फोनकडे नसलेली एक खरी गोष्ट आहे, ती म्हणजे झेनॉन फ्लॅश. फोनमधला एलईडी मंद असतो आणि जरा जास्त वेळ जळतो. इथे एका कपॅसिटरमध्ये सुमारे ३०० व्होल्टपर्यंत भार साठवला जातो आणि वायू भरलेल्या नळीतून तो एका फटक्यात सोडला जातो. सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी वेळात सगळा उजेड पडून जातो. उडी मारणारं मूल, उडालेलं पाणी, मागे भिरकावलेले केस, सगळं जागच्या जागी गोठतं.

फ्लॅशच्या फोटोत मागचं काळं का होतं? अंतर दुप्पट झालं की उजेड चौथा हिस्सा उरतो, तिप्पट झालं की नववा. चेहरा एक मीटरवर आणि भिंत तीन मीटरवर असेल तर भिंतीला चेहऱ्याच्या नवव्या हिश्शाएवढाच उजेड मिळतो. तो परिणाम नको असेल तर माणसांना भिंतीजवळ उभं करा, किंवा ‘स्लो सिंक’ निवडा. त्यात शटर जास्त वेळ उघडं राहतं, फ्लॅश चेहरा पकडतो आणि खोलीतले दिवे मागचं भरून काढतात. हात मात्र स्थिर हवा. झूम करून फ्लॅश वापरू नका. रुंद टोकाला एफ २.८ असलेली लेन्स झूमच्या टोकाला एफ ४.९ वर गेली, की आत येणारा उजेड तिसऱ्या हिश्शावर येतो आणि तीन मीटरचा पल्लाही उरत नाही.

माझा सर्वांत आग्रहाचा सल्ला: फ्लॅश भर दुपारी वापरा. डोक्यावर ऊन असताना डोळ्यांखाली आणि टोपीखाली काळ्या सावल्या पडतात. विजेचं चिन्ह निवडून फ्लॅश सक्तीने चालू ठेवा, दीड-दोन मीटरवरून फोटो घ्या. चेहरा उजळतो आणि मागचं आभाळ निळंच राहतं. मोठ्या एसएलआर कॅमेऱ्यांत भर उन्हात वेगवान शटर हवं असलं तरी फ्लॅशबरोबर शटरचा वेग साधारण १/२०० सेकंदापाशी अडतो. अनेक कॉम्पॅक्टमध्ये शटर लेन्समध्येच असल्याने ती अडचण येत नाही, म्हणून या एका कामात हा छोटा कॅमेरा मोठ्याला भारी पडतो.

रेड-आय कमी करण्याची सोय बंद ठेवा. ती आधी एक झगमगाट करते, लोकांना वाटतं फोटो झाला, आणि खरा फोटो निघतो तेव्हा सगळे पांगलेले असतात. डोळे लाल होतात ते फ्लॅश लेन्सला अगदी खेटून असल्यामुळे. खोलीत दिवा लावा, बाहुल्या लहान होतात, लाली कमी येते. फ्लॅशच्या फोटोत कधी कधी फिकट गोल ठिपके तरंगताना दिसतात. ती लेन्ससमोरची धूळ.

कार्ड, सेल आणि तारीख

जुना कॅमेरा मिळूनही पडून राहतो तो बहुधा कार्डामुळे. जुनी एसडी कार्डं २ जीबीपर्यंतची. २००६ मध्ये ३२ जीबीपर्यंतची एसडीएचसी आली, २००९ मध्ये त्याहून मोठी एसडीएक्ससी. तिन्हींचा आकार एकच, त्यामुळे कोणतंही कार्ड खाचेत बसतं. पण २००६ च्या आधीचा कॅमेरा नव्या कार्डावर ‘कार्ड एरर’ दाखवतो. त्याला २ जीबी किंवा त्याहून लहान कार्ड द्या. ५ मेगापिक्सेलचे शेकडो फोटो त्यात मावतात. ऑलिंपस आणि फुजीफिल्मच्या काही कॅमेऱ्यांत एक्सडी कार्ड लागतं, सोनीच्या जुन्या कॅमेऱ्यांत मेमरी स्टिक. ही नवी सहज मिळत नाहीत, म्हणून असा कॅमेरा कार्डासकटच घ्यावा. कार्ड फॉरमॅट करायचं ते कॅमेऱ्यातच. फोटो काढून घ्यायला कॅमेऱ्याची जुनी केबल शोधत बसू नका. फोनला जोडता येणारा कार्ड रीडर सगळ्यांत सोपा.

पेन्सिल सेलवर चालणारा कॅमेरा असेल तर साधे अल्कलाइन सेल लवकर मान टाकतात. फ्लॅश आणि लेन्सची मोटर एकदम जास्त करंट ओढतात, तो ताण त्यांना झेपत नाही. रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेल घ्या. १.२ व्होल्टचे असले तरी ते टिकून करंट देतात. लिथियमची चपटी बॅटरी जराही फुगलेली असेल तर ती वापरू नका.

आणि तारीख लावा. बॅटरी बराच काळ बाहेर राहिली की घड्याळ मागे जातं. मग आजचा फोटो फोनच्या गॅलरीत वीस वर्षं जुन्या फोटोंमध्ये जाऊन बसतो आणि सापडत नाही.

वापरलेला कॅमेरा घेताना

लेन्स करकर न करता बाहेर येते आणि आत जाते का, पाहा. झूमच्या टोकाला कोऱ्या भिंतीचा फोटो काढा. आत धूळ असेल तर राखाडी डाग दिसतील. सेलच्या कप्प्यात पांढरी-हिरवी बुरशीसारखी पूड म्हणजे सेल गळून गेलेत. फ्लॅश दोन-तीन वेळा मारून पाहा. २००२ ते २००४ च्या सुमारास बनलेल्या काही कॅमेऱ्यांत सीसीडीच्या आतल्या जोडण्या उष्णतेने आणि दमटपणाने सुटायच्या. अशा कॅमेऱ्याचं चित्र जांभळट, वाकडंतिकडं किंवा सरळ काळं येतं. तो नको. आणि बिघडलेला कॅमेरा घरी उघडू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही भार राहतो आणि त्याचा झटका जोरदार असतो.

संपादनाची आवड असेल तर रॉ फाइल, म्हणजे सेन्सरची कच्ची माहिती, देणारे कॉम्पॅक्ट शोधा. २००५ चा रिको जीआर डिजिटल, २००८ चा पॅनासॉनिक एलएक्स ३, २००९ चा कॅनन एस ९०. कॅननच्या अनेक साध्या पॉवरशॉटवर सीएचडीके हे मोफत सॉफ्टवेअर कार्डावरून चालवूनही रॉ मिळवता येते.

रात्रीचा फोटो फ्लॅशशिवाय हवा असेल तर कॅमेरा टेबलावर किंवा कठड्यावर टेकवा, आयएसओ ८० किंवा १००, फ्लॅश बंद, सेल्फ टायमर २ सेकंदांवर. बटण दाबून हात काढून घ्या. एक-दोन सेकंद शटर उघडं राहतं आणि दिव्यांनी उजळलेला रिकामा रस्ता हातात धरलेल्या फोटोपेक्षा कितीतरी स्वच्छ येतो. त्यानंतर अनेक कॅमेऱ्यांची स्क्रीन तेवढाच वेळ अडकल्यासारखी दिसते. त्या वेळात कॅमेरा शटर बंद ठेवून दुसरं, पूर्ण काळं चित्र घेत असतो. सेन्सरवरचे चुकून चमकणारे ठिपके त्यात सापडतात आणि मूळ फोटोतून वजा होतात. तेवढा वेळ थांबा, कॅमेरा बंद करू नका.